पातोडीतलं जास्तीचं मीठ

मी मूळचीच संशयी बाई. दूधवाल्याच्या दुधावर माझा विश्वास नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीवर नाही, आणि कुणी माझ्या स्वयंपाकाला छान म्हटलं तर त्याच्यावर अजिबात नाही. छान म्हणणाऱ्याच्या ताटाकडे मी आधी बघते. ताटात काही उरलंय का, वाटी नुसतीच पुढे-मागे सरकवली की खरंच रिकामी झाली, हे माझे डोळे माझ्याही नकळत तपासत असतात. नवरा म्हणतो, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. हा गुण मला आईकडून आला.

परवा कामासाठी जयपूरला गेले आणि एक दुपार मोकळी सापडली. रिक्षावाल्याला जुन्या रेल्वे कॉलनीचं नाव सांगितलं. तो मुद्दाम लांबून नेतोय असं मला वाटलंच, पण रस्ते इतके बदललेत की भांडायला आधार सापडेना. कॉलनी मात्र होती तिथेच होती. पिवळ्या रंगाची बैठी क्वार्टर्स, कडुनिंबाची झाडं, खाली वाळक्या निंबोळ्यांचा तोच कडवट वास. आमच्या क्वार्टरच्या फाटकाला कुणीतरी निळा रंग दिलाय. शेजारचं फाटक अजून हिरवंच आहे, आणि त्या हिरव्या फाटकाशी एक गाय उभी होती. ती तीच गाय असणं शक्य नाही. तरी मला तिचा रागच आला.

त्या हिरव्या फाटकाआड संतोष आंटी राहायची. संतोष हे तिकडे बाईचं नाव असतं, हे आम्हा वर्धेकडच्या माणसांना पचायला वेळ लागला होता. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात, आंटीचे यजमानही रेल्वेतच, मूळचे चौमूंकडचे. बाबांची बदली होऊन आम्ही तिथे आलो तेव्हा मी सातवीत होते. नवं शतक नुकतंच लागलं होतं, घरात फोन आला होता आणि त्याच्यावर विणलेलं झाकण घालायची पद्धत होती. सामान उतरवत असताना आंटी फाटकावरून डोकावली. डोक्यावर ओढणी, हातात पितळी तांब्या. म्हणाली, "भाभीजी, चाय बना रही हूँ, सबके लिए." आईने मला हळूच विचारलं, "हिले काय पायजे असन वं?"

त्या वर्षांचे ऋतू मला वासांवरूनच आठवतात. उन्हाळ्यात कूलरच्या जाळीतला ओला वाळा. आंधी यायच्या आधी आभाळ पिवळं पडायचं, दारं-खिडक्या धडाधड लागायच्या आणि पाठोपाठ जिभेवर वाळू यायची. मग सगळ्या बायका एकदम ओरडायच्या, कपडे, कपडे. हिवाळ्यात आंटीच्या अंगणात बाजरीच्या रोट्यांचा आणि तुपात तळलेल्या डिंकाचा वास. संक्रांतीला अख्खं शहर गच्चीवर. आकाश दिसू नये इतके पतंग आणि काटाकाटीचा आरडाओरडा. आम्ही तिळगूळ वाटत घराघरांत हिंडायचो. गोड बोला हे मी हिंदीत भाषांतर करून सांगायचे आणि लोक हसायचे.

तिळगूळ आंटी आमच्या दारातच तोंडात टाकायची. ते आईला खटकायचं नाही. आईला खटकायचं ते पाणी. आंटी आमच्याकडे आली की आई तांब्या-भांडं पुढे करायची आणि आंटी म्हणायची, "अभी पीकर आई हूँ." कधी ग्यारसचा, म्हणजे एकादशीचा उपास, कधी सोमवार. आई भांडं परत घेऊन आत यायची आणि मला म्हणायची, "पाहिलं?"

मला तेव्हा काय पाहायचं ते कळत नव्हतं. आमच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती होती, तिच्यावर निळ्या कोटातला फोटो होता. आम्ही कोण हे कळायला आंटीला कुणाला विचारायची गरज नव्हती. आईने हे सगळं तिच्या गावी पाहिलेलं. ताक वरून ओंजळीत ओतणारी घरं तिला ठाऊक होती. शाळेत एक मैत्रीण होती तिची. आईच्या डब्यातली भाकर-चटणी मागून घ्यायची आणि छान आहे म्हणायची. एक दिवस आईने तिला शाळेमागे पाहिलं. भाकर कुत्र्यापुढे पडलेली आणि मैत्रीण फ्रॉकला हात पुसत होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आई तर पुढे आयुष्यभर पाणीसुद्धा फुंकून प्यायली.

तरीही तिचं आणि आंटीचं जमलं. दुपारी दोघी कुंपणाच्या अल्याड-पल्याड उभ्या राहून मेथी निवडायच्या. आईची हिंदी म्हणजे वर्धेच्या मराठीला "है" जोडलेलं. आंटी तिला दाद देत ऐकायची. आई इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही. परमुलखात तिला मिळालेली ती एकच मैत्रीण.

दोघींची देवाणघेवाण बेसनावरून सुरू झाली. आंटी गट्टे करायची. बेसनाच्या वळकट्या उकडून, कापून, दह्याच्या रश्शात सोडलेल्या. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अवं, ही तं आपली पातोडी आहे." मग आईने पातोडी केली. बेसन घट्ट शिजवून ताटात थापलं, सुरीने शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडल्या आणि खोबरं-खसखस-काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडल्या. आमच्याकडे मटण व्हायचं, आंटी शुद्ध शाकाहारी. म्हणून आईने तिच्यासाठी वेगळं पातेलं घेतलं, आणि झाकणाचा एक स्टीलचा डबाही. भांड्यांच्या दुकानातल्या माणसाकडून त्याच्यावर टिंबाटिंबांनी स्वतःचं नाव घालून घेतलं. त्या डब्यात दुसरं काही ठेवायची कुणाची टाप नव्हती. डबा जायचा भरून आणि यायचाही भरून. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत वर्ध्याचीही आणि जयपूरचीही.

दर वेळी आंटी म्हणायची, "बहुत बढिया बना था." आणि दर वेळी आईच्या कपाळावर एक बारीक आठी पडायची.

मग गाय मध्ये आली. कॉलनीत पहिली रोटी गाईला द्यायची पद्धत. सकाळी गाय प्रत्येक फाटकाशी थांबत थांबत जायची. एकदा पातोडी पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी आईने पाहिलं, आंटी रोटीबरोबर आणखी काहीतरी पिवळं गाईपुढे ठेवत होती. गट्टे असतील, खिचडी असेल, काहीही असेल. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, आणि हे तर खरंच पिवळं होतं.

"गाईले टाकते ते," आई बाबांना म्हणाली.

"मंग विचारून टाक ना सरळ," बाबा म्हणाले.

"विचारल्यावर कोणी खरं सांगते काय?"

बाबांनी पेपर वर धरला. सिग्नल खात्यातल्या माणसाला लाल दिवा बरोबर ओळखता येतो.

त्याच दिवसांत आमच्या इंग्रजीच्या मॅडम शनिवारी एकेक वाक्प्रचार शिकवायच्या आणि तो कुठून आला त्याची गोष्ट सांगायच्या. त्या शनिवारी होता, 'विथ अ पिंच ऑफ सॉल्ट'. एखादी गोष्ट चिमूटभर मीठ घालून घ्यायची, म्हणजे ऐकायची पण पुरती खरी मानायची नाही. गोष्ट अशी, की फार जुन्या काळी एका राजाला सतत विषाची भीती. त्याचा विषावरचा एक उतारा होता. सुके अक्रोड, अंजिरं आणि कसलीशी पानं कुटायची, वरून मिठाची कणी टाकायची आणि उपाशीपोटी खायचं. मग दिवसभर विष बाधत नाही. मॅडम पुढे म्हणाल्या, हे कुणाला नक्की ठाऊक नाही, तेव्हा हा किस्सासुद्धा चिमूटभर मीठ घालूनच घ्या. वर्ग हसला. मी ती गोष्ट घरी आणली. शाळेतलं काहीही आईला सांगायची मला सवय होती.

आई बेसन घोटत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "मंग त्याले समजलं काय, विष कोण देते ते?"

"नाही. समजत नाही म्हणून तर रोज खायचं."

"म्हणजे रोजचा संशय," आई म्हणाली. तिला त्या राजाची दया आल्यासारखं वाटलं मला. मग ती बराच वेळ नुसती घोटत राहिली.

पुढच्या वेळी पातोडी झाली तेव्हा मी ओट्याशी होते. आईने आमचा रस्सा आधी वेगळा काढला. मग आंटीच्या पातेल्यावर मिठाची बरणी उघडली. घेतलं, टाकलं, थांबली आणि पुन्हा घेतलं. मी बोट बुडवून चाखलं आणि माझं तोंड वाकडं झालं.

"आई, खारट केलंस."

"होऊ दे. हे त्यायचं आहे." डब्याचं झाकण दाबताना ती माझ्याकडे बघत नव्हती. "खाल्लं तं म्हणन ना, भाभीजी, आज मीठ जास्त झालं. बाई बाईले म्हणतेच. नाही म्हटलं, तं समजायचं गाईनं खाल्लं."

आमच्याकडे बायका म्हणतात, हे खरं आहे. आमच्या वर्ध्याच्या गल्लीत भाजी अळणी झाली तर शेजारीण वाटी परत करतानाच सांगायची, आणि वर कुणाच्या विचारात होती गं, असंही विचारायची. आईच्या लेखी ती सलगीची खूण होती. जगात दुसरीकडे काही वेगळी रीत असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

डबा मीच नेऊन दिला. त्या संध्याकाळी आंटीची दोन्ही मुलं व्हरांड्यातल्या माठाभोवती घोटाळत होती. एक पाणी पिऊन झाला की दुसरी, मग परत पहिला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मे महिना होता, पोरं पाणी पिणारच. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या घरात वाढले, पण जिथे घ्यायचा तिथे काही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आंटी डबा घेऊन आली. स्वच्छ घासलेला, आत खडीसाखर. आईने डबा घेतला आणि नुसती उभी राहिली. तिने आंटीला पुरेसा वेळ दिला, हे मला आज कळतं. आंटी ओढणी सारखी करत म्हणाली, "भाभीजी, बहुत बढिया बना था. बच्चों ने तो चाट-पोंछकर खाया."

आई हसली. आंटी गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन तिने डबा नाकाशी धरला. राखेचा आणि चिंचेचा वास, दुसरा काही नाही. "पाहिलं?" ती म्हणाली, आणि या वेळी मला काय पाहायचं ते कळलं. तिने खडीसाखर काढून ठेवली, डबा पुसला, फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. मग ओट्याकडे तोंड करून रडली. दुधात मिठाचा खडा पडला म्हणतात, तो आमच्या घरात असा पडला.

भांडण झालं नाही. आईने ताकास तूर लागू दिली नाही. कुंपणाशी मेथी निवडणं मात्र कमी झालं, मग थांबलं. कधी गुडघे दुखायचे, कधी माझी परीक्षा असायची. आंटीचे गट्टे तरी येत राहिले. आई ते हसून घ्यायची, धन्यवाद द्यायची आणि सकाळी गाय आली की फाटकाशी ओतायची. गाय चवीने खायची. एकदा ती ओतत असताना मी शेजारच्या खिडकीचा पडदा हललेला पाहिला. वारा असेल असं मी ठरवलं. पुढे बाबांची बदली झाली. निघताना आंटी आईच्या गळ्यात पडून रडली, आणि आई मला गाडीत म्हणाली, "नाटकं."

बाबा होते तोवर दर दिवाळीला आंटीच्या घरी फोन करायचे. त्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये तो नंबर होता, तो मी उतरवून घेतला होता. परवा कॉलनीच्या फाटकाशी उभी राहून तोच लावला. आंटी आता प्रताप नगरात राहते. माझं नाव ऐकल्यावर तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "खाना मत खाना कहीं. सीधी यहाँ आ." वर्ध्याला आईला कळवलं. तिकडून उत्तर आलं, "जाशीन तं जा. पण तिथं जेवू नको. भूक नाही म्हणजो."

प्रताप नगरच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत, शिकवण्यांच्या पाट्या लटकलेल्या एका गल्लीत, खालच्या मजल्यावर तिचं घर. यजमान गेले, मुलं नोकऱ्यांवर बाहेर. आंटी वाकलीय. गालावर हात ठेवून तिने मला इतका वेळ पाहिलं की मी अवघडले. पाणी आणलं. मी प्यायले. तिने स्वतःच आईचं सगळं विचारलं, गुडघ्यांचंही. त्या गुडघ्यांच्या सबबीवर तिने एवढी वर्षं विश्वास ठेवला होता.

ताट समोर आलं. गट्टे, बाजरीची रोटी, लसणीची चटणी. भूक नाही म्हणायचं होतं, पण तो वास आला आणि मी ताट पुढे ओढलं. पहिला घास घेतला. खारट. साधंसुधं नाही, जीभ आखडावी असं खारट. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? हेच, की ही म्हातारी माझी परीक्षा घेतेय. तिला तेव्हाच सगळं कळलं होतं आणि आज ती ते फेडतेय.

मी वर पाहिलं. आंटी समोर बसून पदराने वारा घालत होती.

"नमक ठीक है ना?" तिने विचारलं. "तेरे लिए अलग से डाला है. आप लोगों में तेज खाते हैं, मुझे याद है."

ती सांगत गेली. "तेरी मम्मी की वो आखिरी पातोडी. उससे पहले हमेशा हल्का नमक भेजती थीं, हमारे हिसाब का. उस दिन पहली बार अपने घर जैसा भेजा. बच्चे बोले, मम्मी, बहुत खारा है. मैंने डाँटा. मैंने कहा, चुपचाप खाओ, भाभीजी ने आज हमें अपना समझा है. पूरा मटका खाली कर दिया दोनों ने." ती हसली आणि मग हसू ओसरलं. "फिर भेजना ही बंद कर दिया. मैं सोचती रही, बरतन लौटाने में मुझसे कुछ चूक हो गई क्या."

माझ्या हातातला घास हातातच होता.

"और मेरे गट्टे उनको पसंद नहीं थे," आंटी म्हणाली. "मुझे पता था. फिर भी भेजती थी. डिब्बा आना बंद हो गया तो क्या, मन तो खाली न रहे."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सोसवेना. मी जेवले. रस्सा रोटीने पुसून घेतला, वाटीला लागलेलाही. आंटी माझ्या वाटीकडे बघत होती. मला तो डोळा ओळखीचा वाटला. जगात तो एकट्या आमच्याच घरात असतो असं मी समजत होते.

"कैसा बना?"

"बहुत बढिया," मी म्हटलं.

बाहेर येऊन रिक्षाची वाट बघताना आईचा फोन आला.

"जेवली काय वं तिच्याइथं?"

"जेवले."

"मी काय सांगितलं होतं?" मग जरा थांबून, "काय केलं होतं तिनं?"

"गट्टे." मी एक श्वास घेतला. "खारट होते, आई. मुद्दाम केले होते. तिला वाटतं, आपल्याकडे मीठ जास्त खातात. तुझ्या त्या शेवटच्या पातोडीवरून."

मी सगळं सांगितलं. पोरांना दटावून खाऊ घातलं ते, माठ रिकामा झाला ते, अपना समझा म्हणाली ते. तिला गट्टे आवडत नाहीत हे आंटीला ठाऊक होतं ते, आणि पडद्याचं, मात्र सांगितलं नाही. तेवढं माझ्याजवळ राहू दे.

"म्हणजे खाल्लं होतं तिनं," आई म्हणाली.

"हो."

"समदं?"

"सगळं. पुसून."

आई रडत होती. लपवतही नव्हती. बऱ्याच वेळाने तिने नाक ओढलं आणि विचारलं, "आन् तू? तू सांगितलं काय तिले, खारट झालं म्हणून?"

"नाही."

"मंग काय म्हणाली तू?"

"बढिया बना है, म्हटलं."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मी हात केला नाही.

"पाणी पेजो भरपूर," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.